रिअल टाइम एचडी एडिटिंगसाठी साडेतीन लाखाचं मशीन घेऊ का? टाइमलाइन अटकतेय, नाशिकवाल्यांनी सांगा

सिडकोचा_मिक्सिंगवाला:

नमस्कार मंडळी. सिडकोत माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्न, साखरपुडा, मुंज, डोहाळजेवण, जी ऑर्डर येईल ती घेतो, शूट पण मीच आणि मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, पण मीच, सोबत एक मुलगा आहे तो ड्रोन उडवतो. दोन वर्षांपूर्वी मशीन बनवून घेतलं, आय७ बारावी जनरेशन, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एडियसवर होतो, आता प्रीमियर वापरतो. तेव्हा सगळं लोण्यासारखं चालायचं, तीन कॅमेऱ्यांचं मल्टीकॅम एका बैठकीत कापायचो.

दिवाळीनंतर कर्ज काढून दोन सोनी ए७ फोर घेतले. तिसरा कॅमेरा जुनाच, साधा एचडीवाला. तेव्हापासून वाट लागलीय. एक क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने जोडायच्या पट्टीवर, टाकली तरी दोन सेकंद पळते आणि मग फोटो होऊन बसते, आवाज मात्र पुढे निघून जातो. प्लेबॅक अर्धं केलं, पाव केलं, काही फरक नाही. परवा मखमलाबादचे क्लायंट शेजारी बसलेले, नवरीचे मामा, मी स्पेसबार दाबला तर भटजींचं "सावधान" ऐकू आलं, अक्षता पडल्याचा कल्ला ऐकू आला आणि पडद्यावर अजून अंतरपाटच धरलेला. मामा म्हणे, दादा तुमचं नेट स्लो आहे का. काय बोलणार.

दुकानात गेलो तर त्याने नवीन कोटेशन दिलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय प्रोफेशनल रिअल टाइम एचडी एडिटिंग सिस्टीम. आय९ १४९००केएफ, आरटीएक्स ४०८०, ६४ जीबी रॅम, सगळं मिळून साडेतीन लाख. लग्नाच्या तारखा तोंडावर आहेत, सहा ऑर्डरी हातात आहेत. माझी डिलिव्हरी आजही फुल एचडीच आहे, पेन ड्राइव्हमध्ये, कोणी ४के मागत नाही. मग एचडीसाठी एवढं मशीन खरंच लागतं का? आणि हे रिअल टाइम रिअल टाइम म्हणतात ते नक्की काय असतं? घेऊ का नको, दोन दिवसात ॲडव्हान्स द्यायचाय.

पंचवटीचे_काका:

भाऊ, आधी ॲडव्हान्स थांबव. मग बाकीचं वाच.

मी २००२ पासून या धंद्यात आहे त्यामुळे जरा जुनं सांगतो, वैताग आला तर खाली उतर. रिअल टाइम हा शब्द त्या काळात सोन्याच्या भावाने विकला जायचा. तेव्हा साध्या पीसीवर दोन क्लिपमध्ये डिझॉल्व्ह टाकला किंवा वधूवरांची नावं टायटलमध्ये टाकली की रेंडर मारावा लागायचा, म्हणजे मशीन तो भाग नव्याने तयार करत बसायचं, तोपर्यंत तो तुकडा बघताच यायचा नाही. रेंडर लावायचा, मिसळ खाऊन यायचं, परत येऊन बघितलं तर नावात शुद्धलेखनाची चूक, की पुन्हा रेंडर. मग कॅनोपसचं डीव्हीस्टॉर्म, मॅट्रॉक्सचं आरटी.एक्स १०० अशी कार्डं आली. कार्ड पीसीत बसवायचं, त्यातून वायर काढून शेजारच्या टीव्हीला द्यायची, आणि इफेक्ट टाकल्या टाकल्या टीव्हीवर तसाच्या तसा, सेकंदाला पंचवीसच्या पंचवीस फ्रेम. रेंडर न मारता जे आहे ते पूर्ण वेगात दिसणं, एवढाच रिअल टाइमचा अर्थ. आजही तेवढाच आहे. प्रीमियरमध्ये वर ती पिवळी आणि लाल रेघ दिसते ना, लाल म्हणजे हे बहुतेक रेंडरशिवाय धड पळणार नाही, पिवळी म्हणजे रेंडर नाही पण पळायला हरकत नाही, हिरवी म्हणजे रेंडर झालेलं. तो रंग प्रीमियरचा अंदाज असतो, गॅरंटी नव्हे.

आता तुझ्या दुखण्यासारखंच दुखणं मी आधी बघितलंय म्हणून लिहितोय. डीव्ही कॅसेटचा डेटा होता २५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, आठ मेगाबिटचा एक एमबी), तासाला साधारण १३ जीबी. मग एचडीव्ही आलं. तीच मिनी डीव्ही कॅसेट, तोच २५ एमबीपीएस, फाइल तेवढीच, पण चित्र १४४० बाय १०८०. आम्ही म्हटलं वा, फाइल तेवढीच आहे म्हणजे मशीन पण तेवढंच चालेल. आणि टाइमलाइनवर टाकल्या टाकल्या मशीन आडवं झालं.

का झालं तर डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. एचडीव्हीत आपल्याकडच्या ५०आय प्रकारात बारा फ्रेमचा एक गट, त्यात पूर्ण फ्रेम एकच, बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढं. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं समज. पहिल्या पानावर पूर्ण बाकी लिहिलीय, पुढच्या पानांवर नुसतं कालच्यापेक्षा चाळीस जास्त, कालच्यापेक्षा दहा कमी. तू सरळ सातवं पान उघडून विचारलंस बाकी किती, तर वाण्याला पहिल्या पानापासून बेरीज वजाबाकी करत यावं लागणार. वही पातळ आहे म्हणून हिशोब सोपा असं होत नाही, उलट वही जितकी पातळ तितकं डोकं जास्त चालवावं लागतं. कॅनोपसवाल्यांनी यावर स्वतःचा एचक्यू कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत, काढला होता, आधी सगळं त्यात बदलून घ्यायचं, फाइल फुगायची पण टाइमलाइन गुळगुळीत. पुढे २००५च्या शेवटी थॉमसनने कॅनोपस घेतली आणि एडियस ग्रास व्हॅलीच्या नावाने यायला लागलं, पण तो एचक्यू मी कितीतरी वर्ष वापरला.

तेव्हा मला पण एकाने सांगितलं होतं की मशीन जुनं झालं, नवं घ्या. घेतलं. अटकायचं ते अटकतच राहिलं. म्हणून तुला सांगतो, कॅमेऱ्यात कुठलं सेटिंग ठेवलंयस ते आधी लिही. ड्रोनचं नंतर बघू.

रेंडर_राणी:

काकांशी सहमत. आणि पाव रिझोल्यूशन करून फरक पडत नाही यातच अर्धं उत्तर आहे. प्रीव्ह्यू लहान केला की इफेक्ट आणि कलरचं काम कमी होतं, पण अशा फाइलची गाठ सोडवायची तर पूर्ण फ्रेमच सोडवावी लागते, ते काम तेवढंच राहतं. म्हणजे तुझं मशीन इफेक्टला दमत नाहीये, फाइल उघडतानाच दमतंय.

ओझरचा_हार्डवेअरवाला:

बरोबर. भो, एक टेस्ट कर, पाच मिनिटं लागतील. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा. आता प्रीमियरमध्ये नव्या कॅमेऱ्याची एकच क्लिप टाक, कलर नाही, लट (तयार कलरची फाइल) नाही, काही नाही, नुसती कोरी क्लिप, आणि प्ले कर. तीन गोष्टी बघून इथे लिही. सीपीयू किती टक्के जातो. जीपीयूवर क्लिक केल्यावर जे चार डबे दिसतात त्यात व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख आहे, तो हलतो का. डिस्क किती टक्के. आणि सीपीयूच्या पानावर वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं ते जसंच्या तसं टाइप कर, शेवटच्या अक्षरासकट. शेवटचं अक्षर महत्त्वाचं आहे.

सिडकोचा_मिक्सिंगवाला:

सगळ्यांना धन्यवाद, आत्ताच टेस्ट केली. सीपीयू ९८ ते १००, पंखा तर असा ओरडतोय की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. जीपीयूचा व्हिडिओ डिकोड शून्य, अगदी सरळ रेघ, हललीच नाही. डिस्क ३० च्या आसपास. जुन्या कॅमेऱ्याची क्लिप टाकली की व्हिडिओ डिकोड थोडा वर येतो आणि सीपीयू दहाच्या खाली, मस्त पळते.

नाव लिहिलंय आय७ १२७००एफ. माझ्या बिलावर नुसतं आय७ बारावी जन असं आहे, एफ कुठेच नाही. एफ म्हणजे काय, फास्ट का?

कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस ४के, ५०पी, ४:२:२ १० बिट, २०० एम. यूट्यूबवर एकाने सांगितलेलं हेच बेस्ट आहे.

ओझरचा_हार्डवेअरवाला:

एफ म्हणजे फास्ट नाही भो, एफ म्हणजे आतला ग्राफिक्स बंद. तीच चिप, पण इंटेलचा स्वतःचा डिस्प्लेवाला भाग चालत नाही, म्हणून हजार दोन हजाराने स्वस्त. गेमवाल्याला काही फरक पडत नाही, त्याच्याकडे वेगळं कार्ड असतंच. पण व्हिडिओवाल्याचं नुकसान असं की इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं वेगळं हार्डवेअर, ते त्याच भागात असतं. एफ घेतला की ते गेलं.

आता तू म्हणशील ३०६० आहे ना. आहे, पण एनव्हिडियाच्या त्या पिढीच्या कार्डाला एच२६५ (व्हिडिओ दाबायची पद्धत, एच२६४ च्या पुढची) मधलं ४:२:० येतं, १० बिट पण येतं, ४:२:२ येत नाही, ज्यात रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते. एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच२६५. तुझी फाइल एच२६५ आणि वर ४:२:२, म्हणजे कार्ड हात वर करतं आणि सगळा बोजा सीपीयूवर, तो बिचारा एकेक फ्रेम हाताने सोडवतोय, तीही ४के आणि सेकंदाला पन्नास. म्हणून तुझा तो आलेख शून्यावर झोपलाय. जुन्या कॅमेऱ्याची फाइल साधी एच२६४ ८ बिट ४:२:०, ती कार्ड हसत हसत उलगडतं.

आणि आता खरी गंमत ऐक. तुला दिलेलं कोटेशन परत वाच. १४९००केएफ. परत एफ! आणि ४०८०, त्यालाही ४:२:२ येत नाही, एनव्हिडियाने ते २०२५ मध्ये ५० सीरिजला आणलं. म्हणजे साडेतीन लाख घालून तू त्याच खड्ड्यात, फक्त जरा मोठ्या ट्रॅक्टरने पडणार. सीपीयूला कोअर जास्त आहेत म्हणून आत्तापेक्षा बरं चालेल, एक क्लिप पळेल पण, पण दोन कॅमेरे एकावर एक टाकले की परत मामा विचारणार नेटचं.

स्वस्तातला इलाज म्हणजे एफ नसलेला १२७००. त्यात यूएचडी ७७० आहे, त्याला हे ४:२:२ १० बिट एच२६५ हार्डवेअरमध्ये येतं. तुझ्याच बोर्डावर बसेल. किंवा बोर्डावर दुसरा स्लॉट मोकळा असेल तर इंटेलचं आर्क ए३८० हे छोटं कार्ड टाक, त्यालाही येतं. साडेतीन लाखाच्या पुढे दोन्ही म्हणजे चिल्लर.

रेंडर_राणी:

हार्डवेअरवाले दादा नेहमी हार्डवेअरच सांगणार :) मी म्हणते एक रुपया पण खर्च करू नको, प्रॉक्सी बनव, म्हणजे मूळ फाइलची एडिटिंगपुरती हलकी नक्कल. मी कॉलेज रोडला घरूनच काम करते, चार स्टुडिओंचं एडिटिंग माझ्याकडे येतं, मशीन तुझ्यापेक्षा जुनं आहे. फुटेज आलं की पहिलं काम प्रॉक्सी. इम्पोर्ट करतानाच प्रीमियर विचारतं, मीडिया एन्कोडर मागे बसून बनवत राहतो, रात्री लावून झोपायचं. प्रोरेझ प्रॉक्सी १०८०ला पंचवीस फ्रेमवर साधारण ३८ एमबीपीएस, म्हणजे तासाला १७ जीबी. एका लग्नाचं सगळ्या कॅमेऱ्यांचं मिळून नऊ तास धरलं तर दीडशे जीबीच्या आसपास, पन्नास फ्रेमला दुप्पट धर. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आहे, काकांच्या वाण्याच्या भाषेत प्रत्येक पानावर पूर्ण बाकी. कितीही मागेपुढे ओढ, बोटाबरोबर हलतं. शेवटी एक्सपोर्टला तो आपोआप मूळ फाइल घेतो.

एकच काळजी घे, प्रॉक्सीचा फ्रेम रेट आणि ऑडिओचे चॅनल मूळ फाइलसारखेच हवेत, नाहीतर जोडताना रुसतं. माझा एकदा अख्खा संगीत कार्यक्रम मोनो स्टिरिओच्या घोळात जुळेना, रात्री दोन वाजता मी रडायच्या बेतात होते.

ओझरचा_हार्डवेअरवाला:

ताई, प्रॉक्सी चांगलीच आहे, वाद नाही. पण ती बनवायला पण तीच फाइल आधी उलगडावी लागते ना, आणि ती त्याच्या मशीनवर सीपीयूच उलगडणार. नऊ तासाच्या फुटेजला त्याचं मशीन रात्रभर नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालेल, आणि सीझनमध्ये लागोपाठ लग्नं असतात. हार्डवेअर डिकोड आलं तर प्रॉक्सी पण पटापट बनतील. त्यातून त्याच्या प्रोसेसरबरोबर आलेला कूलर, नाशिकचा एप्रिल, तो सीपीयू तापून स्वतःच वेग कमी करणार.

रेंडर_राणी:

हे मात्र खरंय, मान्य.

मॅकवाला_गंगापूररोड:

मॅक घ्या विषय संपवा. एम१ पासून पुढच्या सगळ्या चिपला हे ४:२:२ हार्डवेअरमध्येच येतं, प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर शोधत बसावं लागत नाही.

पंचवटीचे_काका:

येतं, खोटं नाही बोलत तुम्ही. पण त्याची चार टीबी हार्ड डिस्क, प्लगइन, लग्नाच्या टेम्प्लेटचा सगळा संसार विंडोजवर आहे, आणि सीझन तोंडावर. भर मांडवात नवरदेव बदलत नाहीत.

लाइव्हवाला_नाशिकरोड:

उशिरा आलो. मी लाइव्हचं काम करतो, सभा, कीर्तन, कालिदास कलामंदिरातले कार्यक्रम, एलईडी वॉल. पूर्वी चार वर्ष मुंबईत एका चॅनलच्या एडिट सूटमध्ये होतो, तिथलं जरा सांगतो म्हणजे तुझ्या कोटेशनवर जे प्रोफेशनल लिहिलंय त्याचा अंदाज येईल.

तिथे एचडी म्हणजे एसडीआय वायरने आत आलेलं एचडी, त्या वायरमधून १.४८५ जीबीपीएस डेटा जातो. काही कामं बिनदाबाची, म्हणजे अनकॉम्प्रेस्ड ठेवायची. हिशोब करून बघ, १९२० बाय १०८०, १० बिट ४:२:२, पंचवीस फ्रेम, सेकंदाला जवळपास १३० एमबी, तासाला ४६६ जीबी. एवढं तेव्हाच्या एका साध्या हार्ड डिस्कला झेपायचं नाही, म्हणून डिस्कचा पूर्ण डबा असायचा, रेड लावलेला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालणारा. आणि मजा म्हणजे त्यात सीपीयूला काम फारसं नसायचंच, फाइल उलगडायचीच नाही, जशी आहे तशी उचलून दाखवायची. तिथे गाडी अडायची ती डिस्कवर. तुझं बरोबर उलटं आहे, तुझी फाइल सेकंदाला २५ एमबी, डिस्कला काहीच नाही, पण उलगडायला जीव जातो. दोन्हीला लोक एचडी एडिटिंगच म्हणतात. म्हणून कुठलं मशीन प्रोफेशनल हे फाइल बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. दुकानदाराने तुला एकदा तरी विचारलं का की फुटेज कुठल्या फॉरमॅटचं आहे?

आता माझा साधा प्रश्न. डिलिव्हरी एचडी आहे तर सगळं लग्न ४के ५०पी ४:२:२ मध्ये कशाला शूट करतोस? सीमंतपूजन, कन्यादान, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, स्टेजवर दोन तास पाहुण्यांचे फोटो, यात तू कुठे ग्रेडिंग, म्हणजे कलरचं काम, करणार आहेस? हे सगळं एक्सएव्हीसी एस एचडी, ५०पी, ५० एम मध्ये घे. ८ बिट ४:२:०, तुझं ३०६० त्यातले तीन चार थर एका वेळी लीलया पळवेल. १० बिट ४:२:२ ठेव फक्त प्रीवेडिंगला, वधूच्या एंट्रीला, संध्याकाळच्या कपल शूटला, जिथे लॉगमध्ये, म्हणजे नंतर कलर करायच्या फिकट मोडमध्ये, शूट करून कलर ओढायचाय. एका लग्नात तासभर पण नसतं ते.

अजून एक, कॅमेरा पाल मोडवर, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेमवर, आहे ना? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, ३० किंवा ६० फ्रेमवर शूट केलं की हॉलच्या लाइट लपलप करतात. मोबाइलचं फुटेज मिसळणार असशील तर ते आधी कायम फ्रेम रेटमध्ये बदलून घे, मोबाइल फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो आणि मग तासाभराच्या क्लिपला शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

आणि पुढेमागे पैसे घालायचेच असतील तर मशीनमध्ये घालण्यापेक्षा एटेम मिनी या व्हिडिओ स्विचरचं आयएसओवालं मॉडेल बघ. हॉलमध्येच तीन कॅमेरे त्यात लाव, बसल्या बसल्या बटणावर कट मार, प्रोग्राम रेकॉर्ड होतो, प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी एच२६४ फाइल पण होते आणि वर दाविंची रिझॉल्व्हची प्रोजेक्ट फाइल मिळते. घरी येऊन उघडलं की तुझे कट टाइमलाइनवर तयार, चुकलेला कट नुसता सरकवायचा. लाँग व्हिडिओचं ऐंशी टक्के काम मंगलाष्टकं संपतात तिथेच संपलेलं असतं. खरं रिअल टाइम हे. फक्त एचडीएमआयची लांब वायर ओढू नको, दहा पंधरा मीटरच्या पुढे ती कधी दगा देईल सांगता येत नाही, ऐन अक्षतांच्या वेळी काळा पडदा बघितलाय मी. लांबचा कॅमेरा असेल तर कन्व्हर्टर लावून एसडीआय ओढ.

पंचवटीचे_काका:

लाइव्हवाल्यांनी मनातलं लिहिलं. फाळक्यांनी नाशकात फिल्म कंपनी चालवली तेव्हा फूटभर फिल्मचा पण हिशोब असायचा, आता कार्ड मोठं आहे म्हणून पंगतीतला मठ्ठा पण ४के मध्ये.

सिडकोचा_मिक्सिंगवाला:

मंडळी, अकरा दिवसांनी लिहितोय, मध्ये दोन लग्नं होती. ॲडव्हान्स दिला नाही.

आधी दुकानात गेलो, एफ का दिला विचारलं, तर म्हणे तुम्ही कुठे सांगितलं बिनएफचा पाहिजे, बिलावर जे लिहिलंय ते दिलंय. बिलावर काही लिहिलेलंच नाही हीच तर गोम आहे. भांडून उपयोग नव्हता. सातपूरला माझा मावसभाऊ आहे त्याला गेमिंगचं मशीन बनवायचं होतं, त्याला तो एफवाला विकला आणि वर थोडे घालून जुना पण बिनएफचा १२७०० घेतला, सोबत एक चांगला कूलर.

बसवला, क्लिप टाकली, परत सगळं अटकतंय! व्हिडिओ डिकोड परत शून्य. पोटात गोळाच आला. मग ओझरच्या दादांना मेसेज केला.

ओझरचा_हार्डवेअरवाला:

हो, ते मीच पहिल्यांदा लिहायला विसरलो, माफी. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असलं की बरेच बोर्ड आतला ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात. बायॉसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी मॉनिटर असं काहीतरी असतं ते चालू करावं लागतं, प्रत्येक कंपनीचं नाव थोडं वेगळं. मग विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, मग टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसतात. आणि प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगच्या खाली इंटेलची टिक आहे का ते बघायचं, टिक केल्यावर प्रीमियर बंद करून परत चालू करायचं.

सिडकोचा_मिक्सिंगवाला:

तेच केलं. बायॉस, ड्रायव्हर, टिक, रीस्टार्ट. आणि मग ती मखमलाबादवाली क्लिप लावली. इंटेलचा व्हिडिओ डिकोडचा आलेख झपकन वर गेला, सीपीयू तीसच्या आत, पंखा गप्प. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, "सावधान" जिथल्या तिथे. मी ती क्लिप उगाचच आठ दहा वेळा पुढेमागे ओढून बघितली, एका फ्रेमला नवरीच्या केसात अडकलेला तांदळाचा दाणा दिसत होता.

दोन ए७ फोर आणि जुना एचडी असं मल्टीकॅम आता पळतं. वर ड्रोनचा चौथा थर टाकला की कधी कधी गचका देतं, पण ते सगळं फुटेज साध्या हार्ड डिस्कवर आहे म्हणून असेल. परवाच्या लग्नाला लाइव्हवाल्या दादांचं ऐकून विधी सगळे एचडी ५० एम मध्ये घेतले, फक्त एंट्री आणि संध्याकाळचं शूट ४:२:२ मध्ये. कार्ड अर्धं पण भरलं नाही आणि क्लायंटला फरक कळला नाही. मला कळला थोडा, झूम करून बघितलं तेव्हा, पण पेन ड्राइव्हवर कोण झूम करतंय.

मामा परत येऊन गेले. म्हणाले आता बरं चालतंय, नेट वाढवलं वाटतं. मी हो म्हटलं.

रेंडर_राणी:

ड्रोनचा गचका डिस्कमुळेच असणार. हार्ड डिस्क एकटी फाइल वाचताना सेकंदाला दीडशे एमबी देते, पण चार फाइल चार ठिकाणी असल्या की तिची सुई इकडून तिकडे उड्या मारत बसते आणि वेग कोसळतो. चालू लग्नाचं फुटेज एसएसडीवर ठेव, काम झालं की हार्ड डिस्कवर टाक. प्रीमियरचा कॅशे (तात्पुरत्या फाइल) पण विंडोजच्या ड्राइव्हवर नको, वेगळ्या एसएसडीवर.

सिडकोचा_मिक्सिंगवाला:

एक टीबीची एसएसडी उद्या एमजी रोडवरून घेतो. ताई, अजून एक विचारायचं होतं, एका क्लायंटच्या टीव्हीवर माझा पेन ड्राइव्ह दिसतच नाही, लॅपटॉपवर मात्र चालतो. फाइल सहा जीबीची आहे.

पंचवटीचे_काका:

पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल, जुन्या टीव्हीला तो वाचता येत नाही. फॅट३२ कर. पण फॅट३२ वर चार जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, त्यामुळे हळद, लग्न, रिसेप्शन असे तीन तुकडे करून दे. आणि एक्सपोर्ट एच२६४ च ठेव, २६५ नको, नाहीतर परत मामाच येतील.